जालन्यातला समुद्र

जालन्यात एके काळी समुद्र होता. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, उंचीला माणसाच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंत. एका प्रसूतिगृहाच्या हॉलमध्ये तो भिंतीला लागून उभा होता. संध्याकाळी हॉलमधले मोठे दिवे मालवले की त्याचा निळा उजेड समोरच्या भिंतीवर, छतावर, बाकांवर बसलेल्या माणसांच्या अंगावर हलत राही. आतून कण्हण्याचा आवाज येई, मधूनच एखादं नवं रडणं, आणि बाहेर बसलेल्या बायका बोलता बोलता गप्प होऊन त्या पाण्याकडे पाहत राहत. त्यांतल्या बहुतेकींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही फार पाहिला नव्हता.

तो समुद्र मी बांधला होता. तो मेला माझ्यामुळे. जालन्यात मात्र अजून तसं कोणी समजत नाही, कारण मी तसं समजू दिलं नाही.

माझा धंदा मत्स्यालयांचा. जालन्याच्या मस्तगड भागात एक्याऐंशी साली दुकान टाकलं, तेव्हा लोक मला 'मछलीवाला' म्हणत आणि पहिले कित्येक महिने गिऱ्हाइकं पिशवी घेऊन येत ती संध्याकाळच्या कालवणासाठी. त्या काळी टाकी म्हणजे कोनाच्या लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यात लांबीचा लगदा भरून बसवलेल्या काचा. लांबी वाळली की टाकी गळे, गळली की मालक बोंबले. पुढे सिलिकॉन आलं, काचा एकमेकींना नुसत्या चिकटून उभ्या राहू लागल्या आणि माझा हात त्यात बसला. मी जोडलेली टाकी गळाली असं कोणी दाखवून द्यावं. फट बुजवणं ही एक गोष्ट मला खरोखर येत होती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढच्या गोष्टीसाठी ते माहीत असलेलं बरं.

हा धंदा माशांचा वाटतो, पण असतो पाण्याचा. मासा मेला की लोक म्हणतात मासा कच्चा होता. मासा कच्चा नसतो, पाणी बिघडलेलं असतं, आणि पाणी बिघडलेलं डोळ्यांना दिसत नाही. शहागडच्या एका ढाबेवाल्याने ट्रकवाले थांबावेत म्हणून माझ्याकडून मोठी टाकी करून घेतली. थोड्याच दिवसांत तो स्वतः मोटारसायकलवर दुकानात हजर.

"भाऊ, तुमची टाकी वापस घ्या."

"का? गळाली?"

"गळती कशाची! गिऱ्हाईक मासे बघत बसून राह्यलंय आन जेवण मागायचं इसरून राह्यलंय. समदी बाकडी अडकली. वरतून एक सरदारजी म्हणतो, आवाज करू नका, ते झोपून राह्यले."

मी टाकी हलवून गल्ल्यामागे नेली, तेव्हा त्याचा धंदा रुळावर आला. माणसं पाण्यापुढे अशी गुंगतात. मी स्वतःही दुकान बंद करायच्या वेळी सगळे दिवे घालवून एकाच टाकीचा ठेवत असे आणि घरी जायचं विसरून जात असे.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टर मॅडम कोकणातल्या, लग्न होऊन जालन्यात आलेल्या. गोड्या पाण्याची टाकी त्यांच्याकडे आधीपासून होती. नव्वदीची शेवटची वर्षं असतील, एक दिवस त्या म्हणाल्या, "मला खाऱ्या पाण्याची हवी. जिवंत पोवळी असलेली. जमेल?"

जमत नव्हतं. पण मी "जमेल" म्हणालो. मराठवाड्यात तोवर कोणी केलं नसावं, हे एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पोवळं म्हटलं की आपल्याकडे अंगठीतला लाल खडा डोळ्यांपुढे येतो. खडा हे त्याचं हाड. जिवंत पोवळं म्हणजे साबुदाण्याएवढे, दुधावरच्या सायीसारखे मऊ जीव, हजारोंनी एकमेकांना चिकटून बसलेले. पाण्यात विरघळलेला चुना ते शोषतात आणि आपल्याच बुडाखाली त्याचा दगड रचतात. दगड वाढतो तसे ते वर सरकतात. समुद्रातली मोठमोठी बेटं अशी बुडाखालून वाढलेली. ह्या रचण्याला पाणी किंचित खाराच्या, सोड्याच्या बाजूचं लागतं. आंबटाच्या बाजूला थोडं जरी झुकलं तर जीव मरत नाहीत, पण त्यांचं बांधकाम अवघड होतं. आणखी झुकलं की बांधलेलंच झिजायला लागतं. वरून पाहणाऱ्याला मात्र पाणी तेवढंच निळं.

मुंबईच्या व्यापाऱ्याकडून थर्माकोलच्या खोक्यातून पोवळी आली. त्यात हरणाच्या शिंगासारखं फाटे फुटलेलं एक होतं, तळहातात मावेल एवढं. पुढे सरकारने पोवळ्यांना वाघाच्या रांगेत बसवलं आणि समुद्रातून ती काढणं गुन्हा ठरला. तेव्हा तसं नव्हतं, एवढंच म्हणतो. चांगलं होतं असं म्हणत नाही.

टँकरचं पाणी गाळून त्यात पोत्याने आणलेलं समुद्री मीठ कालवलं, तेव्हा हॉलमध्ये बसलेल्या एका म्हातारबांनी कपाळाला हात लावला.

"आरं, गावाला प्यायला पाणी न्हाई आन तू त्यात मीठ कालवून राह्यला?"

सगळा हॉल हसला. मीही हसलो. आज ते हसणं तितकं सोपं वाटत नाही.

ह्या समुद्राची रोजची सेवा मॅडमनी कौसाबाईंकडे दिली. कौसाबाई तिथल्या आया. उंच, काटक, बोलायला फटकळ. त्यांची खरी ओळख वेगळी होती. जन्मलेल्या बाळाला अंघोळीचं पहिलं पाणी त्या घालत. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे मानत. दूरदूरच्या खेड्यांतून बाळंतपणाला आलेल्या बाईच्या घरची म्हातारी आधी विचारी, "उंच बाई हाय न्हाई आज?" त्यांची सुट्टी असली तर बाळ तसंच कोरडं पुसून दुपट्यात ठेवत, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. वाटूरला भावाच्या शेतात पेरणीची पहिली मूठसुद्धा कौसाबाईच धरत. त्यासाठी त्या रजा काढून जात आणि मॅडम ती बिनबोभाट देत.

पोवळ्याला चुना कमी पडतो म्हणून मी चुन्याची निवळी सुरू केली. काचेच्या बरणीत चुना भिजवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी न ढवळता काढून थेंब थेंब टाकीत सोडायचं. थेंबांसाठी मॅडमनी सलाईनची बाटली आणि नळी दिली. संध्याकाळी कौसाबाई टाकीजवळच्या खिळ्याला बाटली टांगत, नळीचं चाक फिरवून थेंब जुळवत आणि बाकावरच्या लोकांना सांगत, "समुंदराला सलाईन लावलंय. अशक्तपणा आलाय त्याला." नव्याने आलेले लोक घाबरून काचेपाशी जाऊन पाहत.

एका संध्याकाळी मी गेलो तर त्यांनी मला बाहीला धरून काचेपाशी ओढलं.

"दादा, हिकडं बघा. पोराला दात येऊन राह्यले."

शिंगाच्या प्रत्येक टोकाला पांढुरका, जवळजवळ पारदर्शक कोंब आला होता. पोवळं वाढत होतं. जालन्यात, समुद्रापासून इतक्या लांब, चुन्याच्या थेंबांवर आणि एका बाईच्या देखरेखीवर दगड वाढत होता. आम्ही दोघं तिथे किती वेळ उभे होतो कोण जाणे. निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून वाहत होता आणि त्या गालातल्या गालात हसत होत्या, जणू आतल्या खोलीत कोणाला मुलगा झाला होता.

मग उन्हाळा आला. पाणी तापू लागलं. पोवळ्याला उष्णता सोसत नाही, म्हणून मॅडमनी हॉलला ए.सी. बसवला. गारवा बाहेर जाऊ नये, धूळ आत येऊ नये, म्हणून खिडक्या पक्क्या बंद करायचं मी ठरवलं. कौसाबाई रोज सकाळी झाडताना सगळ्या खिडक्या उघडत. मी त्यांना मना केलं. त्या "बरं" म्हणाल्या. तरी चौकटींच्या फटी राहिल्याच होत्या, म्हणून मी सिलिकॉनची नळी आणली आणि प्रत्येक खिडकी टाकी जोडतो तशी कडेकडेने बुजवून टाकली. दाराला खाली रबराची पट्टी लावली. हॉलची मी टाकी केली. हात फिरवून पाहिला, कुठूनही वारा लागत नव्हता. मला फार समाधान वाटलं.

गार हॉल म्हटल्यावर जालन्यातला उन्हाळा तिथे येऊन बसू लागला. एका बाळंतिणीमागे दहा माणसं. समोरच्या थांब्यावरचे बसची वाट पाहणारेही आत. कौसाबाई विचारत, "तुम्ही कोणाचे?" तर एक जण म्हणाला, "आमचं लग्न व्हायचंय बाई, मंग येऊच की." दिवसभर हॉल गच्च भरलेला, आणि सगळे त्या निळ्या उजेडात शांतपणे श्वास घेत बसलेले.

पाणी तपासायला माझ्याकडे कुपी होती. कुपीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. चांगल्या पाण्याचा रंग जांभळा. त्या उन्हाळ्यात तो हळूहळू फिका होत गेला, तपकिरी झाला आणि एक दिवस मोहरीच्या फुलासारखा पिवळा दिसला. पोवळ्याच्या टोकांचे कोंब बसले होते. वाढ थांबली होती.

मॅडम हॉलमध्येच होत्या, पेशंट तपासून बाहेर आलेल्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, काय झालंय त्याला? तुम्ही तर म्हणाला होतात, काही होणार नाही."

मला काय झालंय ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, एवढं म्हणणं पुरेसं होतं. पण सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. समुद्र बांधणारा माणूस म्हणून माझं नाव झालं होतं. कौसाबाई बरणी धरून शेजारीच उभ्या होत्या.

मी म्हणालो, "टाकीत काही खोट न्हाई, मॅडम. निवळी कौसाबाई करतात. त्यांचा हात त्याला मानवला न्हाई."

मी जालन्यातच वाढलेला माणूस. त्या हॉलमध्ये, त्या बाईबद्दल, 'हात' ह्या शब्दाचं वजन किती आहे हे मला बराबर माहीत होतं. माहीत असूनच बोललो, कारण त्याने माणसं लगेच पटतात. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

मॅडम चिडून म्हणाल्या, "हात-बित काही नसतं. पाणी तपासा." आणि आत गेल्या.

कौसाबाई वाकल्या. बरणी खाली ठेवली. पदराने दोन्ही हात पुसले, पुन्हा पुसले.

दुसऱ्या दिवशी एका बाळाच्या आजीने त्यांना पाण्याच्या घंगाळापाशी अडवलं. "दुसरी बाई न्हाई का?" असं विचारलं, तेही हळूच, दुखावू नये म्हणून. मग दुसरीने अडवलं. पुढे कोणी अडवायच्या आधीच त्या बाजूला होऊ लागल्या. मॅडमनी खूप समजावलं. त्या म्हणत, "मॅडम, लेकराचं काही झालं तर? त्या समुंदराचं पांढरं झालंच की." त्यांनी धुण्याचं काम मागून घेतलं आणि वर्ष सरायच्या आत नोकरी सोडून वाटूरला गेल्या.

इकडे मी निवळी बंद केली होती. बाईवर आळ घेतला म्हटल्यावर निवळी चालू कशी ठेवणार? खिडक्या बंद आणि चुनाही बंद. वर ऊन आणि विजेची ये-जा. शिंगासारखं ते पोवळं आधी फिकं पडलं, मग त्यावरची साय सुटत गेली आणि शेवटी स्वच्छ पांढरा दगड उरला. लोक म्हणत, आता जास्त छान दिसतंय.

टाकी उपसली त्यानंतर काही आठवड्यांनी गायकवाड सर दुकानात आले. शाळेत विज्ञान शिकवत, घरी सोनमासे पाळत. मी बरणीतली उरलेली निवळी फेकायला काढली होती. ती पाहून त्यांच्यातला मास्तर जागा झाला. पेल्यात थोडी ओतली, शेजारच्या रसवंतीतून नळी आणली आणि म्हणाले, "फुंका."

मी फुंकलं. पाणी दुधाळ झालं. हे मी शाळेत केलं होतं. मी थांबलो.

"थांबता काय? फुंकत राहा की."

मी फुंकत राहिलो. दम लागला. आणि दुधाळ पाणी हळूहळू, माझ्या डोळ्यांसमोर, पुन्हा नितळ झालं.

"चुना कुठं गेला, सर?"

"तुमच्या श्वासानं खाल्ला. श्वासातला वायू पाण्यात मुरतो, सोडावॉटरमधी असतो तोच. थोडा असला तर चुना दिसायला लागतो. जादा झाला की पाणी आंबटाकडं झुकतं आन चुना विरघळून जातो. पोरांना लई मजा वाटते."

ते गेले. मी पेला तसाच हातात धरून बसलो. बाहेर मस्तगडची वर्दळ चालू होती, पण मला ती दुरून, पाण्याखालून ऐकू यावी तशी येत होती. डोळ्यांपुढे तो हॉल होता. गच्च भरलेला, सगळीकडून बुजवलेला. शेकडो माणसांचा श्वास, जायला वाट नसलेला, पाण्यात उतरत होता. मी बंद केलेल्या प्रत्येक फटीने तो आत कोंडला होता. आणि त्याच्या उलट बाजूने एकच गोष्ट त्या पाण्याला सांभाळत होती, ती म्हणजे कौसाबाईंच्या निवळीचे थेंब.

उन्हाचा आणि विजेचाही वाटा होता, हे खोटं नाही. पण वाढ थांबली ती आधी, आणि ती श्वासाने थांबली.

हे मला त्याच साली कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. दुकान चालू होतं, नवी कामं येत होती. सांगू, सांगू असं म्हणत वर्षं गेली. ह्या काळात मला एक स्वप्न पडे. मी समुद्राच्या तळाशी खिडक्या बुजवत फिरतो आहे. खिडक्या संपत नाहीत. वर, फार वर, निळ्या उजेडात बाकांवर माणसं बसली आहेत आणि शांतपणे माझ्याकडे पाहत आहेत. भीती वाटत नसे. उलट फार बरं वाटे, आणि जाग आल्यावर त्या बरं वाटण्याचीच लाज वाटे.

अलीकडे पेपरात वाचलं की खऱ्या समुद्राचंही तेच होऊ लागलं आहे. गिरण्यांचा, मोटारींचा, भट्ट्यांचा धूर हवेत साठतो, त्यातला तोच वायू समुद्रात मुरतो, पाणी किंचित आंबटाकडे झुकतं आणि पोवळ्यांची वाढ मंदावते. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांचा धूर दुरून दिसतो. त्या दिवशी मी गच्चीवर उभा राहून तो बराच वेळ पाहिला. एवढ्या मोठ्या समुद्राचं कोणाच्या हातावर ढकलणार, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी वाटूरची बस धरली.

कौसाबाई फाट्याजवळ मुलाच्या घरी राहतात. अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांनी ओळखलं.

"कोण, मछलीवाले दादा? कसे वाळून गेले वो तुम्ही!"

चहा झाला. मी सगळं सांगितलं. श्वासाचं, खिडक्यांचं, चुन्याचं. त्या शेंगा निवडत ऐकत होत्या. मग हात थांबले.

"म्हंजी माझ्या हातानं न्हाई?"

"न्हाई."

"निवळीनं?"

"निवळीनंच तर ते तगलं होतं. मी बंद केली म्हणून गेलं."

"हे तुम्हाला आत्ता कळलं का तवाच कळल्तं?"

मी वाटेत ह्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं जुळवली होती. "तवाच," मी म्हणालो.

"मंग काऊन न्हाई बोल्ले?"

"दुकान बसलं असतं, कौसाबाई."

"तुमचं दुकान बसलं असतं. आन मी बसले ते?" त्यांचा आवाज चढला नाही. "तीन नातवंडं झाली ह्या घरात. एकाला पहिलं पाणी मी घातलं न्हाई. सून म्हणायची घाला, म्यां न्हाई घातलं. भावाच्या रानात मूठ धरायला बोलवायचे, मी दुखणं सांगायची. बिलकुल गेली न्हाई. का, तर माझ्या हातानं समुंदर मेला."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. पाटीतल्या शेंगा एकदा हलवल्या आणि म्हणाल्या, "मला एकलीला सांगून काय व्हतंय? तुम्ही हॉलमधी बोल्लते, समद्यांच्या म्होरं. तिथं जाऊन बोला."

"हॉल राह्यला न्हाई आता. मॅडम गावाकडं गेल्या. हॉलच्या जागी दुकानांचे गाळे झालेत."

"मंग जिथं माणसं असतील तिथं बोला."

मी सांगितलं की एका दिवाळी अंकाने धंद्यातले अनुभव लिहून मागितले आहेत.

"वाचतं का त्ये कोणी?"

"जालन्यातले थोडेफार वाचतात."

"मंग लिव्हा. आन निस्तं कौसाबाई नका लिव्हू. जालन्यात कौसाबाया लई. पुरं लिव्हा, बराबर."

म्हणून पुरं लिहितो. कौसल्या रामभाऊ खरात, मुक्काम वाटूर, पूर्वी जालन्याच्या प्रसूतिगृहात आया. पोवळं त्यांच्या हाताने मेलं नाही. त्यांच्या हाताने ते वाढलं होतं. खिडक्या मी बुजवल्या, निवळी मी बंद केली आणि आळ मी घेतला. त्या उन्हाळ्यात ज्या घरांनी आपलं बाळ त्यांच्या हातून काढून घेतलं, त्यांनी हे वाचावं. ज्यांना वाचता येत नसेल, त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, चार माणसं बसलेली असताना.